पंखा, पिस्ता भिंत आणि शंभर इंच : घरासाठी प्रोजेक्टर घेताना

आमच्या घरात दोन प्रोजेक्टर आहेत. एक हॉलच्या मागच्या भिंतीवर, फळीवर बसलेला. दुसरा माळ्यावर, त्याच्या मूळ खोक्यात, जुन्या कुकरशेजारी. माळ्यावरचा ६,८०० रुपयांना पडला आणि त्याने जे शिकवलं ते पुढे एक लाखाच्या व्यवहारात कामाला आलं.

मी साताऱ्यात ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये ३१ वर्षं सहायक होते. भिंगं पुसणं, ऑप्टिकल बेंच लावून देणं, मुलांनी पाडलेल्या प्रिझमचे तुकडे मोजून रजिस्टरमध्ये लिहिणं, असलं सगळं. म्हणजे प्रकाश, अंतर, प्रतिमा हा माझा रोजचा धंदा. तरीसुद्धा निवृत्तीच्या वर्षी ऑनलाइन जाहिरातीत '९००० ल्युमेन, ४के सपोर्ट' वाचून मी भुलले. ल्युमेन म्हणजे यंत्र एकूण किती प्रकाश फेकतं त्याचं माप, आणि ४के म्हणजे अगदी बारीक ठिपक्यांचं चित्र. खोकं आलं, सायंकाळी सातला भिंतीवर चित्र पाडलं, आणि आमचे हे म्हणाले, "ट्यूब बंद कर, मग दिसेल." ट्यूब बंद केली. मग म्हणाले, "देवघरातला दिवा पण." तिथेच मला कळलं की काहीतरी गडबड आहे.

काही दिवसांनी एका रात्री लॅबच्या सवयीने मोजायलाच बसले. ते कसं मोजलं ते पुढे सांगते, कारण ते तुम्हालाही घरी करता येईल. आधी मुळातला प्रश्न.

हवाय कशाला?

आमच्या सासूबाई संध्याकाळी सात ते साडेनऊ मालिका बघतात. बघताना मेथी निवडतात, आल्यागेल्याशी बोलतात, ट्यूब लख्ख चालू असते. त्यांच्यासाठी प्रोजेक्टर म्हणजे शिक्षा. ज्या घरात पडदा दिवसभर चालू असतो, बातम्या लावून माणसं इकडेतिकडे फिरतात, तिथे सरळ ६५ इंची टीव्ही घ्या आणि हा लेख इथेच सोडा. मी मनापासून सांगते आहे. टीव्ही स्वतःचा प्रकाश स्वतः फेकतो, त्याचं काळं ते काळंच राहतं. प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही. यंत्र बंद असताना तुमची भिंत जितकी काळी दिसते, तितकंच काळं चित्रात मिळणार. बाकी अंधार तुम्ही पुरवायचा.

आम्ही छोटा टीव्ही ठेवला आहे. प्रोजेक्टर शनिवार-रविवार रात्रीचा सिनेमा, क्रिकेट, आणि बंगळूरहून मुलगा-सून आले की नातवाची कार्टून. असा विभागून वापर असेल तरच यात पडा.

जाता जाता एक. 'प्रोजेक्शन टीव्ही' म्हटलं की माझ्या वयाच्या लोकांना ते कपाटाएवढं धूड आठवतं. माझे धाकटे दीर न्यू जर्सीला असतात, त्यांच्याकडे होतं एक. आत लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन नळ्या, मागून पडद्यावर चित्र, आणि तीन रंग एकमेकांवर नीट बसले नाहीत की माणसाच्या नाकाला लाल कड. सपाट टीव्ही स्वस्त झाले तशी ती जात संपली. शेवटपर्यंत टिकून राहिलेल्या मित्सुबिशीनेही २०१२ च्या अखेरीस ते बनवणं थांबवलं. आज त्याची जागा दोघांनी घेतली आहे: लांबून चित्र टाकणारा नेहमीचा प्रोजेक्टर, आणि भिंतीला चिकटून बसणारा 'लेझर टीव्ही'. दुसऱ्याबद्दल नंतर.

भिंत मोजा, मग पंखा मोजा

दुकानात जायच्या आधी टेप घ्या. १०० इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप. प्रत्यक्षात ते चित्र २२१ सेंटीमीटर रुंद आणि १२५ सेंटीमीटर उंच असतं, म्हणजे साधारण सव्वासात फूट बाय चार फूट. १२० इंच घेतलं तर २६६ बाय १४९. ८० इंच म्हणजे १७७ बाय १००. हे आकडे वाचून काही होत नाही. मी जुनी वर्तमानपत्रं चिकटपट्टीने भिंतीवर लावली, १०० इंचाची चौकट केली आणि दोन दिवस तशीच राहू दिली. हे रोज त्या पेपरांसमोर बसून चहा प्यायचे. १२० ची चौकट केली तेव्हा मान फिरवावी लागते असं त्यांनीच सांगितलं. शंभर इंचासाठी डोळ्यापासून पडदा साधारण ३ ते ४ मीटरवर असावा. आमचा सोफा साडेतीन मीटरवर येतो, तेव्हा तिथेच थांबलो.

आता यंत्र कुठे बसणार? प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात 'थ्रो रेशो' नावाचा आकडा असतो. भिंगापासून पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी, एवढाच त्याचा अर्थ. रेशो १.२ असेल तर १०० इंचासाठी २२१ गुणिले १.२, म्हणजे २६५ सेंटीमीटर, पावणेनऊ फूट. काही यंत्रांचा आकडा ठरलेला असतो, काहींना झूम असतो, म्हणजे १.३ ते २.१ असा पट्टा मिळतो. हा आकडा न बघता घेतलेला प्रोजेक्टर हा माप न बघता घेतलेल्या चपलेसारखा असतो.

आमचा हॉल १० फूट बाय १४ फूट. स्लॅब साडेनऊ फुटांवर. चित्र १० फुटी भिंतीवर टाकायचं ठरलं. पावणेनऊ फुटांवर छताला यंत्र टांगायचं, असं पहिल्या दुकानदाराने वहीत चित्र काढून दाखवलं, छान दिसलं. घरी येऊन वर बघितलं तर तिथे पंखा. १२०० मिलिमीटरचा पंखा, म्हणजे चार फुटांचं वर्तुळ, हॉलच्या मधोमध, चित्राच्या भिंतीपासून सात फुटांवर. म्हणजे पाच ते नऊ फुटांची सगळी जागा पात्यांची. यंत्र बसायलाच जागा नाही, आणि त्याच्या मागे टांगलं तर प्रकाश पात्यांतून जाणार, चित्र सबंध तीन तास लपलप करणार. इंटरनेटवर मी वाचलेल्या परदेशी माहितीत या पंख्याचा उल्लेख मला दिसला नाही. आपल्याकडे तो आधी मोजावा लागतो. पाती जमिनीपासून किती उंचीवर फिरतात ते लिहून घ्या. आमची साडेआठ फुटांवर आहेत.

मग उपाय काय? मागच्या भिंतीवर सात फूट उंचीवर फळी. तिथून पडदा १३ फूट, म्हणजे ३९६ सेंटीमीटर. भागिले २२१, म्हणजे रेशो हवा १.७९. ठरीव १.२ वालं यंत्र तिथे ठेवलं असतं तर चित्र ३३० सेंटीमीटर रुंद झालं असतं, भिंत ३०५ ची. चित्राच्या दोन्ही कडा शेजारच्या भिंतींवर! तेव्हा झूमवालंच घ्यावं लागलं. प्रकाशझोत फळीवरून निघून उतरत जातो, सगळाच्या सगळा पंख्याच्या खालून. सोफ्यावर बसलेल्यांच्या डोक्याच्या बराच वरून. फक्त मध्येच कोणी स्वयंपाकघराकडे पाणी प्यायला गेलं की त्याची सावली नायकाच्या छातीवर पडते. त्याला इलाज तांब्या आधीच आणून ठेवणे.

दुसरी गोष्ट, 'लेन्स शिफ्ट' आणि 'कीस्टोन' यांतला फरक. यंत्र तिरकं ठेवलं की चित्र चौकोनाऐवजी समलंब होतं. कीस्टोनचं बटण दाबलं की ते सरळ होतं, जादू झाल्यासारखं वाटतं, आणि विक्रेता हेच 'ऑटो कीस्टोन' म्हणून कौतुकाने दाखवतो. पण ते चित्र आतल्या आत चेपून, काही पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, फुकट घालवून सरळ केलेलं असतं. लेन्स शिफ्टमध्ये भिंगच वरखाली सरकतं, चित्राला धक्का लागत नाही. यंत्र महाग होतं, पण फळीवर ठेवायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: लेन्स शिफ्टला पैसे द्या, बाकी चार सोयी नसल्या तरी चालेल.

ल्युमेन, आणि माझा नऊ चौकोनांचा प्रयोग

खोक्यावरच्या ल्युमेनवर कोणी विश्वास ठेवू नये. 'एलईडी ल्युमेन', 'लाइट सोर्स ल्युमेन' असे शब्द असतील तर तो आतल्या दिव्याचा आकडा, भिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा नव्हे. आणि कधीकधी तोही नाही, नुसताच आकडा. शोधायचा शब्द 'एएनएसआय ल्युमेन' किंवा 'आयएसओ ल्युमेन' (एएनएसआय आणि आयएसओ या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्था). ही मोजायची ठरलेली पद्धत आहे: पांढऱ्या चित्राचे नऊ सारखे चौकोन करायचे, प्रत्येकाच्या मध्यावर प्रकाश मोजायचा, सरासरी काढायची आणि पडद्याच्या क्षेत्रफळाने गुणायचं.

मी तेच केलं. खोली काळोखी केली, पूर्ण पांढरं चित्र लावलं, मोबाइलवर लक्समीटरचं ॲप (लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर किती ल्युमेन पडतात ते) घेतलं आणि मोबाइलचा तोंडाकडचा भाग यंत्राकडे करून नऊ ठिकाणी धरला. मोबाइलचं मोजमाप काटेकोर नसतं, पण दहापट चूक तो करत नाही. सरासरी आली ५५ लक्स. १०० इंची चित्राचं क्षेत्रफळ २.७५ चौरस मीटर. गुणाकार १५०. नऊ हजार लिहिलेल्या यंत्रातून दीडशे ल्युमेन! परत करायची मुदत तोवर टळली होती. तुम्ही हा प्रयोग खोकं फोडल्याच्या रात्रीच करा.

मग घ्यायचे किती? याचं गणित उलटं करायचं. रात्री सगळे दिवे बंद केले तर माझ्या भिंतीवर लक्स जवळजवळ शून्य. ट्यूब चालू असताना ११०. दुपारी तीनला, पश्चिमेची खिडकी साध्या पडद्याने झाकून ४०. आता ५०० खऱ्या ल्युमेनचं यंत्र १०० इंचावर १८० लक्स देतं. सिनेमागृहात डिजिटल पडद्याचं प्रमाण ४८ कँडेला प्रति चौरस मीटर ठरलेलं आहे, साध्या पांढऱ्या पडद्यावर ते साधारण १५० लक्सच होतात. म्हणजे अंधार पक्का असेल तर ५०० ल्युमेनमध्ये सिनेमा उत्तम दिसतो, हे ऐकून लोक चकित होतात. पण ट्यूब लावली की काळ्या भागावर ११० आणि पांढऱ्या भागावर १८० अधिक ११०. पांढरं काळ्याच्या अडीचपट फक्त. सगळं ताकासारखं. तिथे २५०० ल्युमेनचं यंत्र ९०० लक्स देतं, पांढरं काळ्याच्या नऊपट होतं. सिनेमा बघायला तेही कमीच, पण क्रिकेट नक्की दिसतं.

यात दोन वजावटी धरा. माहितीपत्रकातले ल्युमेन सगळ्यात झगझगीत मोडमधले असतात, ज्यात माणसं थोडी हिरवट दिसतात. रंग ठीक दिसणाऱ्या मोडमध्ये प्रकाश बराच कमी होतो. आणि दिवा जुना होतो तसा मंद होतो, सुरुवातीच्या काळात तर झपाट्याने. म्हणून मी २,८०० च्या आसपासचं घेतलं. आकार वाढवायचा मोह होईल तेव्हा हेही आठवा की १०० वरून १२० वर गेलं की क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट होतं आणि तोच प्रकाश तेवढ्यावर पसरतो.

आणि खरं सांगू? सगळ्यात स्वस्त ल्युमेन पडद्याच्या कापडात मिळतात. खिडकीला ब्लॅकआउट कापडाचे पडदे शिवून घेतले, दुपारचे ४० लक्स ४ वर आले. तेवढा फरक यंत्रातून काढायचा तर किती हजार मोजावे लागले असते!

'सपोर्ट' हा शब्द

४के सपोर्ट म्हणजे ४के चित्र आत घेता येतं. बाहेर कितीचं पडतं ते वेगळं. माझ्या माळ्यावरच्या यंत्राचं मूळ रिझोल्यूशन, म्हणजे आडवे-उभे पिक्सेल, ८०० बाय ४८० निघालं. सिनेमाखालच्या ओळी वाचताना अनुस्वार आणि रफार गळून जायचे. 'नेटिव्ह' रिझोल्यूशन किती, एवढंच विचारा. घरासाठी १९२० बाय १०८० च्या खाली जाऊ नका. शंभर इंचावर, साडेतीन मीटरवरून, माझ्या साठीच्या डोळ्यांना ते पुरतं. घरगुती किमतीतले बरेच ४के प्रोजेक्टर मुळात त्याहून कमी पिक्सेलचे असतात आणि तेच पिक्सेल क्षणार्धात सरकवून ४के तयार करतात. ते फसवणं नव्हे, चित्र खरंच बारीक दिसतं. पण बजेट तोकडं असेल तर ४के च्या आधी लेन्स शिफ्ट आणि खरे ल्युमेन.

ओळखायची एक युक्ती. भाच्याकडून मी १९२० बाय १०८० आकाराचं एक चित्र करून घेतलं, एक पिक्सेल काळा, एक पांढरा, अशा उभ्या रेघा. ते पेनड्राइव्हवर घेऊन जा. कीस्टोन बंद करायला सांगा, जवळ जाऊन बघा. रेघा वेगवेगळ्या दिसल्या तर यंत्र खरं. सगळं राखाडी झालं किंवा पट्टे उमटले तर विक्रेत्याला नमस्कार करून बाहेर पडा.

आतलं तंत्र, थोडक्यात

घरगुती यंत्रांत मुख्य दोन जाती. डीएलपी: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीत लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली शोधलेली चिप, तिच्यावर लाखो सूक्ष्म आरसे, प्रत्येक आरसा सेकंदाला हजारो वेळा कलतो. चित्र धारदार, आतला भाग बहुधा बंदिस्त म्हणून धूळ कमी शिरते. पण एकच चिप असलेल्या यंत्रात लाल, हिरवा, निळा एकामागून एक येतात. काही जणांना नजर फिरवली की पांढऱ्या अक्षरांच्या कडेला इंद्रधनुष्य चमकतं. मला अजिबात दिसत नाही. ह्यांना पहिल्या मिनिटात दिसलं आणि दहाव्या मिनिटाला डोकं दुखायला लागलं. म्हणून घरातल्या सगळ्यांना दुकानात न्या. दुसरी जात थ्री-एलसीडी: तीन रंगांना तीन वेगळे एलसीडी, तिन्ही रंग एकाच वेळी पडतात, तो त्रास नाही, पण हवेची जाळी दर महिन्या-दोन महिन्यांनी साफ करावी लागते. आम्ही ह्यांच्या डोक्यासाठी थ्री-एलसीडी घेतलं. तिसरी जात, एलकॉस, काळ्या रंगात सरस आणि खिशाला जड. स्वस्तातल्या एकाच एलसीडीच्या छोट्या यंत्रांत कोपरे धूसर असतात, आणि यंत्र तापलं की मधलाही फोकस सरकतो.

दुकानात

आम्ही पुण्याला गेलो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत चौकशी केली, मग दोन मोठ्या शोरूममध्ये बसून बघितलं. शोरूमची खोली काळ्या गालिच्याची, काळ्या छताची असते, तिथे सगळंच सुंदर दिसतं. आपल्या घरी छत पांढरं, ते प्रकाश परत पडद्यावर टाकतं. तेव्हा तिथे एक दिवा लावायला सांगा. त्यांची समुद्र-फुलपाखरांची फीत नको म्हणा. मी नेलं होतं ते असं: रात्रीचं दृश्य असलेला सिनेमा, कारण अंधारातल्या साडीच्या निऱ्या दिसतात की नुसता काळा ढीग, ते कळतं. क्रिकेटचा तुकडा, कॅमेरा चेंडूमागे धावतो तेव्हा गवत फाटतं का ते बघायला. भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ, कारण आमच्या माणसांच्या कातडीचा रंग आम्हाला माहीत आहे. आणि बारीक टायपातलं एक मराठी पान.

अर्धा तास यंत्र चालू ठेवायला लावा. मग पुन्हा चारही कोपरे बघा. एसी बंद करायला सांगा आणि पंख्याचा आवाज ऐका. फळी सोफ्याच्या वरच असेल तर ती घरघर तुमच्या कानाशी असणार. डेमोचा नग 'नवाच आहे हो' म्हणून थोडा स्वस्त देत असतील तर मेनूत जाऊन दिव्याचे तास बघा. आम्हाला दाखवलेल्या एका 'नव्या' नगावर १,१४० तास होते. विक्रेता काही बोलला नाही, आम्हीही नाही.

वॉरंटी दोन असतात, यंत्राची वेगळी आणि दिव्याची वेगळी. दिव्याची महिन्यांत आणि तासांत, जे आधी संपेल ते. सुटा दिवा केवढ्याला आणि कुठे मिळतो ते त्याच वेळी विचारा, बिलावर सीरियल नंबर घालून घ्या, आणि सर्व्हिस सेंटर कुठे आहे तेही. आम्हाला साताऱ्याहून पुण्याला जावं लागेल, ते मान्य करूनच घेतलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या किमतीचा कागद कोणी दाखवला तर हिशोब करून बघा. आमचं त्यानंतरच्या दिवाळीत, एक लाखाच्या थोडं आत बसलं.

दिव्याचं की लेझरचं, याचा निर्णय रोजच्या तासांवर. आम्ही आठवड्याला सहा तास बघतो, वर्षाला ३१२. चार-साडेचार हजार तासांचा दिवा आम्हाला पुरून उरेल. रोज चार तास बघणाऱ्याचा तोच दिवा तीन वर्षांत जाईल. त्यांनी २०,००० तासांचं लेझर किंवा एलईडी घ्यावं.

भिंत की पडदा

आमची भिंत पिस्ता रंगाची होती, लस्टर पेंटची. त्यावर पहिलं चित्र टाकलं तेव्हा सगळी पात्रं कावीळ झाल्यासारखी, आणि मधोमध एक चकचकीत डाग, कारण लस्टर आरशासारखा प्रकाश परतवतो. रंगाऱ्याला बोलावून तेवढा पट्टा घासला, पुट्टीचे दोन हात, पॉलिशपेपर, आणि वर मॅट पांढरा. चमक नसलेला, अगदी पांढरा, हे त्याला तीनदा सांगावं लागलं, कारण त्याच्या मते मॅट रंग 'गरीब दिसतो'. भोवती चार इंच काळी चौकट रंगवली. त्या चौकटीने चित्र एकदम उठून आलं.

पडदाच हवा असेल तर चौकटीत ताणलेला घ्या. ओढून खाली घ्यायच्या स्वस्त पडद्याला काही महिन्यांत लाटा पडतात. 'गेन', म्हणजे पडदा प्रकाश किती जोरात परत पाठवतो तो आकडा, १ च्या आसपास असू द्या. जास्त गेनचा पडदा मधून उजळ आणि बाजूला बसलेल्याला मंद.

लेझर टीव्ही म्हणतात ते यंत्र कपाटावर, भिंतीपासून वीतभर अंतरावर बसतं आणि वर तिरका प्रकाश फेकतं. पंख्याचा प्रश्नच मिटतो, पाणी प्यायला जाणाऱ्याची सावली पडत नाही. पण झोत भिंतीला घासून जातो, त्यामुळे पुट्टीतला प्रत्येक उंचवटा चित्रात डोंगरासारखा दिसतो. त्याला खास खाचांचा पडदा लागतोच, जो खालून आलेला प्रकाश तुमच्याकडे पाठवतो आणि छतावरच्या दिव्याचा गिळतो. त्या पडद्याची किंमत धरून हिशोब करा. घरात रांगतं मूल असेल तर ते वाकून भिंगात बघणार, हेही धरा. त्यामुळेच आम्ही तो नाद सोडला.

आवाज आणि वायर

प्रोजेक्टरचा स्वतःचा स्पीकर डब्यातल्या रेडिओसारखा. शिवाय आमचं यंत्र मागे, म्हणजे नायिका समोर आणि तिचा हुंदका आपल्या पाठीमागून. साउंडबार पडद्याखाली ठेवा. ब्लूटूथने जोडला तर ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतात, तेव्हा वायरच बरी. फळीपासून पडद्यापर्यंत वायर नेताना सरळ अंतर मोजू नका, वर जाऊन, छताच्या कडेने, खाली उतरून मोजा. आमचे १३ फूट २७ झाले. इलेक्ट्रिशियनकडून केसिंग पट्टी मारून घेतली आणि फळीपाशी अर्थिंगचा वेगळा पॉइंट. हे सगळं रंगकामाच्या आधी करा. आम्ही नंतर केलं आणि रंगारी दुसऱ्यांदा आला.

यंत्रातच ॲप आहेत म्हणून जास्त पैसे मोजू नका. कित्येक यंत्रांवर नेटफ्लिक्स धड चालत नाही. टीव्हीला लावतो ती स्टिक एचडीएमआयला लावली की काम झालं.

लाइट जाते तेव्हा, आणि पावसाळ्यात

दिव्याचं यंत्र बंद केल्यावर आतला पंखा थोडा वेळ फिरत राहतो, दिवा थंड करायला. लाइट गेली की पंखाही जातो आणि तापलेला दिवा आतल्या आत भाजतो. म्हणून संगणकाचा १ केव्हीएचा यूपीएस लावला. सिनेमा पूर्ण करायला नव्हे, व्यवस्थित बंद करून थंड होईपर्यंतच्या पाच मिनिटांसाठी.

उदबत्ती, मच्छर-कॉइल आणि फोडणीचा धूर भिंगावर आणि जाळीवर बसतो. आमचं स्वयंपाकघर हॉलला लागून, तेव्हा मासे तळायचे त्या दिवशी यंत्रावर फडकं. भिंग लुगड्याच्या पदराने पुसू नका. आधी फुंकर मारायच्या रबरी फुग्याने धूळ उडवा, मग चष्म्याचं मऊ कापड. पहिल्या पावसानंतर पंखवाले किडे झोताकडे धावतात आणि त्यांच्यामागे भिंतीवर पाल येते. गेल्या जूनमध्ये एका गंभीर दृश्यात ती नायकाच्या गालावर दहा मिनिटं बसून होती. खिडकीला जाळी लावून घ्या.

लॅबमध्ये पावसाळ्यात बंद कपाटातल्या सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी यायची. प्रोजेक्टरच्या भिंगावरही येते, आणि एकदा आली की काच खाते. म्हणून जून ते सप्टेंबर सिनेमा बघा न बघा, आठवड्यातून एकदा अर्धा तास यंत्र चालवते. बंद करून पूर्ण गार झालं की भिंगाला टोपी, वर प्लास्टिकचं झाकण, आणि झाकणाखाली सिलिका जेलची पुडी. ओल्या हवेत पुडी महिनाभरात दमते. दुसरी टाकायची.